समुद्राला न शिवता

उंद्री, तालुका चिखली
४ मे १९७९

चि. पुष्पा,

आबाजीचा आशीर्वाद. तुझे पत्र काल दुपारी आले. मी ते वाचले, तुझ्या आईला मोठ्याने वाचून दाखवले आणि मग ओसरीवर बसून पुन्हा वाचले. रात्री जेवण गेले नाही.

तुझ्या पत्रातले मला जे समजले ते लिहितो, म्हणजे काही चुकले असेल तर कळव. आकाशात शेकडो मैल वर फिरणारा उपग्रह समुद्राचे पाणी किती ऊन आहे ते सांगतो. तो खरे सांगतो की नाही ते पाहायला तुमच्या अहमदाबादच्या कचेरीची माणसे जहाजाने अरबी समुद्रात जाणार आहेत आणि त्यांत तुझे नाव आहे. जहाज अठ्ठावीस तारखेला मुंबईहून निघेल. मुलीचे लग्न झालेले नाही, वडील हयात नाहीत, म्हणून घरच्या वडीलधाऱ्याची संमती पंचविसाच्या आत आली पाहिजे, असे साहेब म्हणाले. ती संमती आजोबा म्हणून मी द्यावी असे तू लिहितेस.

पोरी, मी संमती देत नाही. रागावू नकोस, कारणे लिहितो.

आपल्या घरात आजवर कोणी समुद्र पाहिलेला नाही. आपले सर्वांत खोल पाणी म्हणजे मळ्यातली विहीर. तिच्यात तुझा बाप शंकर पाठीला भोपळा बांधून पोहायला शिकला. तू शिकली नाहीस. जहाजावर सगळे पुरुष. तुझ्याबरोबर कोणी अन्नपूर्णाबाई आहेत असे लिहितेस, पण त्या कोण, कुठल्या, त्यांच्या घरी कोण कोण, हे काही लिहीत नाहीस. शिवाय जानेफळचे पाहुणे तुला पाहायला याच महिन्याच्या शेवटी येणार आहेत. मुलगा पाटबंधाऱ्यात ओव्हरसियर आहे. तू समुद्रात असलीस तर त्यांना काय दाखवू? आणि खाऱ्या पाण्याने अंगाची कातडी फुटते असे किसनराव सांगत होते. ते मुंबईला जाऊन आलेले आहेत.

सर्वांत मोठी गोष्ट ही की याची गरजच मला कळत नाही. उपग्रहाला वरून दिसत असेल तर तुम्ही खाली कशाला जाता? दिसत नसेल तर तो वर कशाला पाठवला? हे तुझ्या साहेबांना विचार. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस आहे, पण एवढे विचारायला चौथी पुरते.

प्रकृतीला जप. अहमदाबादेत उन्हाळा फार आहे असे पेपरात आले आहे. डोक्याला बांधल्याशिवाय बाहेर पडत जाऊ नकोस.

तुझा आबाजी,
पुंजाजी

(पत्र चिकटवायच्या घडीवर, दुसऱ्या अक्षरात)

पुष्पे, आबाजीनं चिकटवाले दिलं म्हनून लिवतो. वरची कारनं खरी नाई. अक्षय तृतीयेले आबाजीनं पावसापान्याचं भाकीत पाह्याले शेतात घट मांडला. सकाळी पाह्यते तर चार ढेकलांवरची घागर आडवी, अन् सारं पानी सांडेल. घटातली घागर म्हंजे समुद्र, हे तुले ठाऊकच हाये. गावाले पावसाचं सांगतलं, पन घागरीचं कोनाले सांगतलं नाई. मले येवढंच म्हने, “सुभद्रा, समुद्र कोपला.” अन् मंग चार दिसानं तुह्यं पत्र आलं. तू तुह्यं पाह्य. मी सांगतलं असं म्हनू नको. आई.


अहमदाबाद
९ मे १९७९

ती. आबाजी,

पाया पडते. रागावले नाही. तुम्ही मला डोक्याला बांधल्याशिवाय बाहेर पडू नको म्हणता आणि मी इथे उघड्या डोक्यानं उन्हात गच्चीवर उभी राहून यंत्र तपासते, तेव्हा रागवायचा हक्क खरं तर तुमचा आहे. डोक्याला बांधते.

अन्नपूर्णाबाई नागपूरच्या. वयानं आईएवढ्या. त्यांना दोन मुलं आहेत आणि मागच्या खेपेला त्यांच्या सासूबाई स्वतः धक्क्यावर शिदोरी घेऊन आल्या होत्या. मी त्यांच्याच खोलीत राहणार. जानेफळच्या पाहुण्यांना माझा फोटो दाखवा. त्यात मी आहे त्याहून बरी दिसते.

खाऱ्या पाण्यानं किसनरावकाकांची कातडी फुटली असेल तर मुंबईच्या कोणत्या समुद्रात, ते विचारा. ते दोन्ही वेळा सरकीच्या भावासाठी गेले होते आणि बाजारातूनच परत आले होते.

आबाजी, या वर्षी घट कसा होता, ते तुम्ही लिहिलं नाहीत. दरवर्षी लिहिता. घागर नीट नव्हती असं मी धरून चालते. मी हसणार नाही. लहानपणी पहाटे तुमचं धोतर धरून घट पाहायला मीच यायची आणि कोणत्या धान्याचा दाणा सरकला ते तुमच्याआधी मीच ओरडून सांगायची. पण एक विचारते. त्या रात्री घागरीजवळ कोणी होतं का? आपण संध्याकाळी मांडतो आणि सकाळी पाहतो. मधे काय झालं ते कोणी पाहिलेलं नसतं.

समुद्राचंही तसंच आहे. जहाज जिथून जातं तिथलं पाणी कळतं. दोन जहाजांच्या मधला समुद्र कोरा. नकाशावर मोठमोठी कोरी जागा आहे, आबाजी, सबंध वऱ्हाड मावेल एवढी! आणि आपल्या शेतात पडतो तो पाऊस त्या कोऱ्या जागेतूनच वाफ होऊन निघतो. तिथलं पाणी यंदा जास्त ऊन आहे की कमी, हे आजवर कोणालाच पुरतं ठाऊक नव्हतं. आता उपग्रह वरून जातो आणि बघता बघता सगळा समुद्र नजरेखालून काढतो. मी ते पहिलं चित्र पाहिलं तेव्हा मला बसवेना.

हात न लावता कसं कळतं, असं तुम्ही म्हणाल. आई भाकर टाकण्याआधी तव्यावर तळहात धरते, टेकवत नाही. तरी तिला तवा तापला की नाही ते कळतं. ऊन असलेल्या प्रत्येक वस्तूतून डोळ्यांना न दिसणारे किरण बाहेर पडतात. उपग्रह म्हणजे फार उंचावर धरलेला तसाच एक तळहात. तुम्ही स्वतः करून पाहा. भिंतीजवळ, चुलीजवळ, म्हशीजवळ हात धरा. शिवायचं नाही. आणि मग मला लिहा.

उत्तराची वाट पाहते. पंचवीस तारीख विसरू नका.

तुमची,
पुष्पा


उंद्री
१५ मे १९७९

चि. पुष्पा,

आशीर्वाद. घटाबद्दल तुला कोणी सांगितले ते मी ओळखले आहे. तिला मी काही बोललो नाही, कारण सध्या माझेच तोंड बंद झाले आहे. काय झाले ते लिहितो.

तुझे पत्र आल्यावर मी तव्यापासून सुरुवात केली. हात धरला आणि खरेच, तवा बोलतो! गार असताना काही नाही, तापला की तळहाताला लगेच समजते. मी जवळ, दूर, बाजूने असे पाहत बसलो, तर तुझी आई म्हणाली, “बापा, भाकर करू द्या ना, का उपाशी ठेवता?” मग मी भिंतीकडे गेलो. पश्चिमेची भिंत दिवे लागले तरी ऊन सोडत नाही आणि पूर्वेची लवकर गार होते, हे इतकी वर्षे त्या घरात राहून मला ठाऊक नव्हते. म्हशीच्या पाठीपेक्षा तिचा कान गार असतो. दोन दिवस मी गावभर हात पुढे करून फिरत होतो. रंगराव शिंप्याने विचारले, “काऊन हो पुंजाजी, आंधळ्यावानी चाचपत काऊन जाऊन राह्यले?” मी म्हणालो, “चाचपत नाही. शिवत नाही, तेच तर आहे.”

मला इतका आनंद झाला होता, पुष्पा, की मी पारावर सगळे बोलून बसलो. उपग्रह, तळहात, समुद्र, सगळे. संमतीचे पत्रही मनातल्या मनात लिहून झाले होते.

तर किसनराव म्हणाले, “म्हंजे तुमाले हात न लावता पानी ऊन हाये का गार ते कळते?”

“कळते.”

“डोये बांधले तरी?”

“बांधा.”

“हाव! उद्या इथंच. सारं गाव पाह्यते.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पारावर तीन भांडी मांडली. डोळे बांधायच्या आधी मी ती पाहिली होती. एक पितळेची घागर. किसनरावांच्या घरी लग्न झाले, त्यासाठी त्यांच्या बायकोने, आशाबाईंनी, ती चिंचेने घासून आरशासारखी केली होती. एक स्वयंपाकाचे मडके, बाहेरून काजळीने काळे. एक बादली. तिन्हींवर झाकण. माझे डोळे बांधल्यावर आत पाणी ओतले. मी एकेकाच्या कडेला तळहात धरला. बादलीशी हाताला काहीच जाणवले नाही. घागरीशी धरला तर अगदी थोडे. मडक्याशी धरला आणि हात सांगू लागला, हेच. मी ओरडलो, “मडके!”

किसनरावांनी मडक्याचे झाकण काढून बोट बुडवले. म्हणाले, “कोमट.” मग घागरीत बोट बुडवले आणि “अबाबा!” करून पारावरून खाली उडी मारली. घागरीत उकळते पाणी होते.

अख्खे गाव हसले. कोणीतरी ओरडले, “पुंजाजीचा उपग्रह पडला!” आता लहान पोरे मला पाहून तळहात पुढे करतात. मी पारावर जाणे बंद केले आहे.

हसण्याचे मला काही नाही. पण माझा हात मडक्याला ऊन म्हणाला आणि घागरीला गार म्हणाला. हात फसतो. मग तुझा उपग्रहही फसतो. अशा फसव्या वस्तूच्या भरवशावर माझी नात जहाजात बसवून मी समुद्रात पाठवू? नाही. संमती नाही. हे शेवटचे.

जानेफळचे पाहुणे सत्तावीस तारखेला नक्की येत आहेत. तू सुटी काढून ये. मलकापूरला उतरलीस की कळव, रंगराव घ्यायला येईल.

पुंजाजी


अहमदाबाद
१९ मे १९७९

ती. आबाजी,

पाया पडते. तुम्ही हरलात हे वाचून मला इतका आनंद झाला की मी पत्र हातात धरून कचेरीच्या जिन्यातून पळत अन्नपूर्णाबाईंकडे गेले. त्यांनी ते वाचलं आणि साहेबांना वाचून दाखवलं. साहेब म्हणाले, “ही गोष्ट आम्हाला शिकायला दोन वर्षं लागली, आणि तुझ्या गावानं ती एका संध्याकाळी केली!” खोटं सांगत नाही.

तुमचा हात फसला नाही, आबाजी. हातानं जे पाहिलं ते बरोबर सांगितलं. चकाकणारं पितळ ऊन असलं तरी आपली ऊब बाहेर फार थोडी सोडतं. काळं मडकं मात्र सगळी सोडतं. म्हणून उकळती घागर गप्प राहिली आणि कोमट मडकं बोललं. किसनरावकाकांना हे ठाऊक नव्हतं. आशाबाईंनी घागर जरा कमी घासली असती तर तुम्ही जिंकला असता.

आमच्या वरच्या तळहाताचं हेच होतं. फेसाळलेला समुद्र आणि शांत समुद्र, पाणी सारखंच ऊन असलं तरी यंत्राला वेगळे दिसतात. मधे हवेत ओल असते, ती थोडी ऊब वाटेतच खाऊन टाकते. ढग आले तर काही यंत्रांना खालचं दिसतच नाही. उपग्रह आकडा देतो, पण त्यात किती मिळवायचं, किती वजा करायचं, हे त्याला सांगता येत नाही.

तुम्ही पहिल्या पत्रात विचारलं होतं, वरून दिसतं तर खाली कशाला जाता. ते मी साहेबांना विचारलं नव्हतं, कारण मलाच नीट उत्तर देता येत नव्हतं. उत्तर तुमच्या पारावर मिळालं. घागर उकळती आहे हे शेवटी कसं कळलं? किसनरावकाकांनी बोट बुडवलं म्हणून. ते बोट म्हणजे आमचं जहाज. उपग्रह डोक्यावरून जाईल त्याच वेळी खाली कोणीतरी समुद्रात बादली सोडायची, पाणी वर घ्यायचं, लगेच तापमापक घालायचा. वरचा आकडा आणि खालचा आकडा शेजारी ठेवायचे. एकदा फरक कळला की मग ज्या कोऱ्या जागेत जहाज कधीच जाणार नाही, तिथलंही पाणी आपण सांगू शकतो. या खेपेला बादलीवर मी आहे. ते काम मला दिलंय, आबाजी! मी मागितलं होतं.

आणखी एक. पुढच्या महिन्यात आपल्या देशाचा स्वतःचा उपग्रह वर जायचा आहे. तोही समुद्राकडे पाहणार आहे. त्याला शिकवायला हे सगळं आधी कळलं पाहिजे.

तुमच्या संमतीवाचून मी जाणार नाही. लपून जाणार नाही आणि आईची सही आणूनही जाणार नाही. माझ्या जागी दुसरं नाव तयार आहे, पंचवीस तारखेला संध्याकाळी ते लिहिलं जाईल. पुढची खेप कधी निघेल ते इथे कोणालाही ठाऊक नाही. तुम्ही नाही म्हणालात तर मी सत्तावीसला उंद्रीला येईन, साडी नेसून चहाचा ट्रे नेईन आणि तुमच्यावर रुसणार नाही. पण त्या कोऱ्या जागेत बोट कोणी बुडवलं, हे मला जन्मभर दुसऱ्या कोणाकडून ऐकावं लागेल.

पुष्पा


(तार, चिखली, २३ मे १९७९)

संमती आहे जा पण काठाशी उभी राहू नको दोर कमरेला बांध पत्र येत आहे पुंजाजी


उंद्री
२३ मे १९७९

चि. पुष्पा,

आशीर्वाद. तार मिळाली असेल. तारमास्तर म्हणाले, “बाबा, ‘संमती आहे’ येवढं पुरते.” मी म्हणालो, तुम्हाला पुरते, मला पुरत नाही.

तुझे पत्र आले तेव्हा माझा त्यावर विश्वास बसला नाही. मी आशाबाईंकडून तीच घागर मागून आणली आणि आपल्या ओसरीवर घागर आणि मडके शेजारी ठेवून दोन्हींत एकाच पातेल्यातले उकळते पाणी ओतले. एकच पाणी. हात धरला. मडके बोलले, घागर बोलेना. तुझ्या आईला म्हणालो, “सुभद्रा, दोन्हींत जरा चमचा घाल आणि सांग.” ती म्हणाली, “सारखंच ऊन हाये.” पुन्हा हात धरला. पुन्हा तेच. मग आम्ही घागरीला बाहेरून चुलीतली काजळी फासली. आणि पुष्पा, ती बोलायला लागली! मी तिथेच टाळी वाजवली. आशाबाई घागर न्यायला आल्या आणि तिचा रंग पाहून जे बोलल्या ते पत्रात लिहिण्यासारखे नाही. आता ती आम्हीच घासून देणार आहोत.

मग मी विचार केला. मी इतका वेळ हात धरून उभा होतो, पण खरे काय ते सुभद्राने चमचा घातला तेव्हाच कळले. त्या जागी तू जाणार आहेस. मला भीती वाटते ती वाटतेच. घागर आडवी पाहिली ते मी विसरलेलो नाही. पण कोणी तरी जायला हवे, हे आता मला नाकारता येत नाही. आणि कोणी तरी जायचे असेल तर ज्याने मागितले त्याने जावे.

जानेफळला निरोप पाठवला की पाहुण्यांनी जुलैत यावे. त्यांचा उलट निरोप आला, “मुलगी समुद्रावर जात असेल तर आम्हाला विचार करावा लागेल.” मी कळवले, करा.

आता नीट वाच. बादली सोडताना दोराचे एक टोक जहाजाला बांध आणि दुसरा दोर तुझ्या कमरेला. बादलीचा दोर हाताला गुंडाळू नकोस, विहिरीवर अशाने माणसे ओढली गेली आहेत. चप्पल घसरते. ओल्या फळीवर अनवाणी उभी राहा. आईने सुंठेचे लाडू पाठवले आहेत. अन्नपूर्णाबाईंनाही दे. त्यांच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांग.

पुंजाजी


जहाजावरून
६ जून १९७९

ती. आबाजी,

पाया पडते. हे पत्र थोडं थोडं लिहिते आहे. जहाज धक्क्याला लागेल तेव्हा टाकीन.

मी छान आहे. समुद्र फार सुंदर आहे. जेवण चांगलं असतं. लाडू सगळ्यांना आवडले.

८ जून

वरचं खोटं आहे. आईनं अक्षरावरून ओळखलंच असतं, म्हणून खरं लिहिते. सुटल्यापासून मी आडवी होते. जहाज कुशीवर जातं, पोट घशात येतं. लाडू मी खाल्लेच नाहीत, खलाशांनी खाल्ले. पहिले दिवस अन्नपूर्णाबाई मला चमच्यानं पेज पाजत होत्या. लाटा जहाजाच्या वर येतात. तुमची घागर आडवी पडली होती, आबाजी. मी तिच्यातच आहे.

आणि त्याहून वाईट म्हणजे ढग. उपग्रह ठरल्या वेळी डोक्यावरून जातो, मी धरत धरत वर येते, बादली सोडते, आकडा घेते, आणि वर सगळं झाकलेलं. खालचा आकडा आहे, वरचा नाही. रोज हेच. काल रेडिओवर ऐकलं, आपला उपग्रह वर गेला! सगळे नाचले. मी खाली पडल्या पडल्या टाळ्या वाजवल्या. पण त्याच्या यंत्रांना नीट चालू व्हायला अजून वेळ लागेल. आमची भिस्त परदेशी उपग्रहावर, आणि त्याच्या वाटेत हे ढग. दोन दिवसांत आम्ही ही जागा सोडणार. तेवढ्यात आकाश उघडलं नाही तर सगळी बादल्यांची ओढाताण फुकट.

१० जून

उघडलं! उघडलं, आबाजी!

आज दुपारी तीनच्या सुमाराची फेरी होती. अडीचपर्यंत ढग. मी तशीच कठड्याशी जाऊन उभी राहिले, अनवाणी, कमरेला दोर. खलाशी हसत होते, त्यांना सांगितलं माझ्या आबाजींचा हुकूम आहे. पश्चिमेकडून आकाश फाटायला लागलं. निळी फट आली ती मोठी होत होत बरोबर आमच्यावर आली. अन्नपूर्णाबाई घड्याळ धरून ओरडल्या, “सोड!” मी सोडली. बादली बुडाली, भरली, ओढली, तापमापक घातला. मी आकडा तीनदा वाचला आणि तीनदाही तोच आला. अंगावर पाणी उडालं. ते ऊन होतं, आबाजी! मला वाटायचं समुद्र गार असेल. तो ऊन आहे, आपल्या आंघोळीच्या पाण्यात विसण घातल्यासारखा.

संध्याकाळी अहमदाबादेहून बिनतारी निरोप आला. उपग्रहाचा आकडा आमच्यापेक्षा अडीच अंशांनी कमी. मी वहीतला आमचा आकडा पुन्हा पाहिला. मग साहेबांचं पुढचं वाक्य वाचलं. हवेतली ओल जेवढी ऊब खाईल असं त्यांनी कागदावर काढलं होतं, फरक बरोबर तेवढाच होता. हिशेब जुळला! आता कोऱ्या जागेत अडीच अंश कसे आणि कुठे मिळवायचे, हे आम्हाला कळायला लागलंय. सुरुवातच आहे, पण झाली.

आज मी भात खाल्ला.

१२ जून, कोचीन

पाणी आणि भाजी घ्यायला जहाज इथे लागलंय, पत्र टाकते. महिनाअखेर मुंबईला येऊ. एक विचारायचं आहे. जुलैत पुन्हा खेप आहे, या वेळी भर पावसाळ्यात, लाटा आणखी मोठ्या असतील. साहेबांनी माझं नाव पुन्हा घातलंय. पुन्हा वडीलधाऱ्याची संमती लागेल. जानेफळचे पाहुणेही जुलैतच येणार, हे मला ठाऊक आहे. तुम्ही म्हणाल तसं. मुंबईच्या कचेरीच्या पत्त्यावर लिहा.

पुष्पा


उंद्री
२० जून १९७९

चि. पुष्पा,

आशीर्वाद. तुझे पत्र आले तेव्हा मी जेवायला बसलो होतो. सहा तारखेचे वाचून म्हणालो, मजेत आहे. आठ तारखेचे वाचून ताट बाजूला सारले. दहा तारखेचे वाचताना तुझी आई म्हणाली, “बापा, हळू वाचा, मले काईच समजून नाही राह्यलं.” मी हळू वाचू शकलो नाही. मग तिने पत्र माझ्या हातातून घेतले आणि स्वतः अक्षर लावत वाचले. वाचून झाल्यावर एवढेच म्हणाली, “पानी ऊन होतं म्हने.” आणि डोळ्यांना पदर लावला.

मी पारावर गेलो. बऱ्याच दिवसांनी गेलो. पोरांनी तळहात पुढे केले, त्यांना म्हणालो, “बसा इथं, सांगतो.” पोरांपेक्षा मोठी माणसेच जास्त बसली. मी सगळे पत्र वाचून दाखवले. पेज पाजली, तेही. काही लपवले नाही.

किसनराव म्हणाले, “अडीच अंशाचा फरक पडला. म्हंजे तुमच्या नातीचा उपग्रह चुकलाच ना?”

मी म्हणालो, “किसनराव, तुमच्या मनगटावरचं घड्याळ दररोज मागं राह्यते. सारं गाव जाणते. तरी मलकापूरची तुमची गाडी कधी चुकली काय?”

“कशी चुकन? मले ठाऊक हाये ना, कितीनं मागं हाये ते.”

“तेच ठाऊक करून घ्याले ती गेली होती.”

किसनरावांनी घड्याळाला किल्ली दिली. मग म्हणाले, “पोरगी खरंच लाटांत उभी राह्यली?”

“हाव.”

“अनवाणी?”

“हाव.”

“मंग त्या जानेफळवाल्यायले सांगा, आमची पोरगी पाह्याची असन तर तिच्या सवडीनं या.” हे किसनराव बोलले. मी नाही.

आता तुझ्या प्रश्नाचे. मी रात्री झोपलो नाही, ते खोटे कशाला सांगू. भर पावसाळा, मोठ्या लाटा, तुझे पोट. अन्नपूर्णाबाई येणार आहेत की नाही, तेही तू लिहिले नाहीस. सकाळी उठून संमतीचा कागद लिहायला बसलो. पहिली ओळ लिहिली आणि थांबलो. तू कठड्याशी उभी होतीस तेव्हा मी जवळ नव्हतो. आकाश कधी उघडते, दोर कधी सोडायचा, हे मला इथून सांगता आले नसते. तुला ते कळले. मग आता मी होय म्हणणारा कोण, आणि नाही म्हणणारा तरी कोण?

साहेबांसाठी कागद सोबत जोडला आहे. त्यात लिहिले आहे की चि. पुष्पा शंकरराव हिला या व यापुढील प्रत्येक प्रवासाबद्दल तिचा स्वतःचा निर्णय घेता येतो, घरातून हरकत नाही, पुन्हा विचारणा करू नये. खाली माझी सही आहे, तिच्याशेजारी तुझ्या आईची. ती पहिल्यांदाच कागदावर सही करत होती, म्हणून अक्षर जरा तिरके आले आहे.

तेव्हा जुलैच्या खेपेला जायचे की नाही, ते तूच ठरव. यापुढे मला विचारत जाऊ नकोस. नुसते कळवत जा.

पण कळवत जा. दर आठवड्याला. आणि सहा तारखेसारखे नको, आठ तारखेसारखे.

तुझा आबाजी,
पुंजाजी